गिटारचा दांडा आणि अण्णाशेटची उचल

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधीच जमलं नाही. वाचणाऱ्याने आधीच माफ करावं. चौथी पास झाले आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसले. पुढे हातात पेनापेक्षा लोखंड घासायची कानस जास्त राहिली, त्यामुळे पेनसुद्धा मी कानशीसारखं दाबून धरते आणि कागदाच्या मागच्या बाजूला सगळं उमटतं. दिवाळी अंकात वकील, डॉक्टर, स्टेशनमास्तर आपापल्या कामाच्या गोष्टी लिहितात, त्या मी आवडीने वाचते. लेथवाल्या बाईने लिहिलेलं मात्र कुठे पाहिलं नाही. अंकाला पाठवायचं धाडस माझ्यात नाही. नुसतं लिहून ठेवायला हरकत नसावी.

आमचं वर्कशॉप रत्नागिरीला, मिरकरवाड्याच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. पत्र्याची एक खोली, त्यात लेथ, ड्रिल, शेगडी आणि एक लांब टेबल. ज्यांना लेथ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सुतार रंधा फिरवतो तेव्हा लाकूड जागेवर असतं. लेथवर उलटं असतं. लोखंड गरगर फिरतं आणि हत्यार जागेवर राहून त्याला सोलत जातं, बटाटा सोलावा तसं. लोखंड ज्या जबड्यांत पकडतात त्याला चक म्हणतात. काम चकात बांधताना ते अगदी मधोमध बसवावं लागतं. केसाएवढं जरी सरकलं तरी फिरताना ते लंगडतं आणि भोक वाकडं पडतं. याला आम्ही सेंटर काढणं म्हणतो. सेंटर काढायला कधीकधी कापण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

हे सगळं मला माझ्या नवऱ्याने शिकवलं. त्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे, मीही तेच म्हणायचे. शिकवलं म्हणजे समोर बसवून नव्हे. आधी नुसता दिवा धरायला उभं केलं, मग चाक फिरवायला, मग एक दिवस म्हणाले, "आता तूच लाव, माझी पाठ धरलीय." असं करत शिकले. एका पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली आणि ते गेले. मुलगी शाळेत होती. लेथ बंद ठेवून चालणार नव्हतं.

मला माणसांशी बोलायला फार संकोच वाटतो. वर्कशॉपात एक सोय होती. माणसं आपली मोडकी वस्तू टेबलावर ठेवायची आणि तिच्याकडे बघत सांगायची, मीही त्या वस्तूकडे बघतच उत्तर द्यायचे. अशी किती वर्षं गेली. कित्येक गिऱ्हाइकांचे हात मला आठवतात, तोंडं आठवत नाहीत.

आता उचलीबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बंदरावर रिवाज आहे. हंगाम सुरू होताना होडीचा मालक खलाशाला आगाऊ पैसे देतो, त्याला उचल म्हणतात. व्याज नाही, कागद नाही. पण उचल घेतली की तो खलाशी त्या मालकाचा झाला. दुसऱ्याच्या होडीवर त्याने पाय ठेवायचा नाही. हंगाम संपला की हिशेब होतो आणि बहुतेक माणसं नवी उचल घेऊनच घरी जातात. जाळी शिवणारे, बर्फवाले, वर्कशॉपवाले यांनाही अशी उचल मिळते. मिस्त्रींनी कोल्हापूरहून जुनी लेथ आणली तेव्हा अण्णाशेटनी त्यांना आठ हजार रुपये दिले होते. अण्णाशेटच्या तीन लाँची होत्या. अट एकच, त्यांचं काम पहिलं. लेथवर काय चढवलेलं आहे ते बघायचं नाही, उतरवायचं आणि शेटचं काम चढवायचं.

मिस्त्री गेल्यावर अण्णाशेट घरी आले होते. म्हणाले, "लेथ विकून टाक पोरी. माझे पैसे फिटतील, उरतील ते तुला." मी मान खाली घालून म्हटलं, मी चालवीन. मग म्हणाले, "चालव. पण रिवाज तोच. माझं काम अडलं तर लेथ माझी." त्यांनी त्या वेळी लेथ नेली असती तर कोणी त्यांना नाव ठेवलं नसतं. हे त्यांच्या बाजूचं म्हणून लिहिते.

ते साल चौऱ्याऐंशी की पंच्याऐंशी, नक्की सांगता येत नाही. नवरात्राचे दिवस होते. सकाळी वर्कशॉप उघडून शेगडी पेटवत होते, तेव्हा चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट उराशी धरून एक तरुण माणूस दारात आला.

"वहिनी, मिस्त्री हायत?"

"मिस्त्री नाहीत. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन."

तो ओशाळला. "मला ठाऊक नव्हतं. मी पूर्णगडचा, रघुनाथ. बाबांबरोबर लहानपणी आलेलो होडीच्या पंपाचं काम घेऊन. मग आता लेथ कोण चालवतो?"

"मी."

त्याने चादरीतली वस्तू जरा आणखी जवळ धरली. मग दुसरा इलाज नसल्यासारखी टेबलावर ठेवली.

आत गिटार होती, विजेवर वाजणारी. मी तशी वस्तू कधी इतक्या जवळून पाहिली नव्हती. लाल रंग, वर चकचकीत पत्रा, सहा तारा. त्याचा मोठा भाऊ मालवाहू बोटीवर नोकरीला होता, त्याने ती परदेशातल्या कुठल्यातरी बंदरात घेतली होती. घरी ठेवून तो पुन्हा बोटीवर गेला आणि हा ती घेऊन रत्नागिरीच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवू लागला.

"भावाला माहीत आहे?"

"भाऊ सध्या कुठल्या दर्यात हाय ते आईलापण ठाऊक नाय," तो म्हणाला.

मोडला होता तो तिचा दांडा. पोलादाची बोटाएवढी जाड, वाकडी सळई. एका टोकाला आटे, म्हणजे स्क्रूवर असतात ते वळसे. हे टोक गिटारच्या आत एका लोखंडी ठोकळ्यात पिळून बसतं. सगळ्या तारा त्या ठोकळ्यातूनच येतात. वाजवता वाजवता दांडा दाबला की ठोकळा कलतो, तारा सैल पडतात आणि सूर खाली लवतो. सोडला की पाठीमागच्या स्प्रिंगा ठोकळ्याला ओढून जागेवर आणतात. दांडा नेमका आट्यांच्या मुळाशी तुटला होता आणि तुटलेला तुकडा ठोकळ्यात अडकून बसला होता.

"दांड्याशिवाय वाजत नाही का?"

"वाजते हो. पण आज संध्याकाळी मंडळात प्रोग्राम हाय. त्यात एक अख्खी धून दांड्यावर हाय. ऑर्केस्ट्राचा मालक म्हणाला, तुझं वाद्य लुळं असेल तर चिपळूणवाल्याला बोलावतो. सायकलवाल्याकडे जाऊन आलो, रेडिओवाल्याकडे जाऊन आलो. दोघांनी हात लावला नाय."

मी म्हटलं, "ठेवा. दुपारपर्यंत बघते."

तो गेला नाही. ठेवून जायचा त्याला धीर होत नव्हता. बसला स्टुलावर.

तारा काढल्या, पाठीमागच्या स्प्रिंगा सोडवल्या, पुढचे सहा स्क्रू काढले आणि ठोकळा बाहेर घेतला. तुटलेला तुकडा आधी पोगराने, म्हणजे टोकदार छिन्नीने, फिरवून बघितला. हलला नाही. जोर केला असता तर ठोकळा चिरला असता, कारण तो ओतीव होता आणि ओतीव लोखंड बिस्किटासारखं तुटतं. मग होडीच्या कामात करतो तसं करायचं ठरवलं. तुकड्यासकट मोठं भोक पाडायचं, त्यात पितळेसारख्या धातूचा पोकळ दट्ट्या ठोकून बसवायचा आणि त्याच्या आत नवे आटे कापायचे. त्या दट्ट्याला बुश म्हणतात. जुन्या पंपातल्या भंगारातून मी बुश आधी तयार करून ठेवला. मग ठोकळा चकात बांधला.

तुटलेल्या तुकड्याच्या मधोमध सेंटर काढायला माझा बराच वेळ गेला. ठोकळा वेडावाकडा, त्याला पकडायला सरळ कड नाही. एक जबडा सैल करायचा, दुसरा आवळायचा, फिरवून बघायचं, पुन्हा तेच. रघुनाथ स्टुलावरून पुढे वाकून बघत होता. शेवटी ठोकळ्याला टेकवलेल्या मापाच्या डायलची सुई हलायची थांबली. मी बारीक ड्रिल लावलं आणि अर्ध्यापर्यंत गेले.

तेवढ्यात दारात अंधार झाला. अण्णाशेटच्या लाँचीवरचा गणपत तांडेल आणि एक खलाशी, दोघांच्या खांद्यावर शाफ्ट, म्हणजे होडीचा पाण्यातला पंखा फिरवणारा लोखंडी दांडा. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य. हा भला माणूस, मिस्त्रींच्या अंत्ययात्रेत पुढे होता.

"वहिनी, उतरवा ते. शाफ्टचे आटे गेले, पंख्याचा नट धरत नाय. भरती चढतेय, पाणी उतरायच्या आत बाहेर पडायचंय."

मी मोटर बंद केली. "तांडेल, एक तास द्या. काम बांधलेलं आहे."

"कसलं काम?" त्याने टेबलाकडे पाहिलं. तारा नसलेली गिटार तिथे उताणी पडली होती. "वहिनी, आठ माणसं होडीवर बसलीत. बर्फ भरून झालाय. आणि तुम्ही तुणतुणं नीट करताय?"

खलाशी हसला. रघुनाथ उठून उभा राहिला. "तांडेल, मीपण खारव्याचाच पोर हाय, दर्यावरचा. वहिनी, माझं राहू दे. उतरवा ते."

"उतरवलं तर सेंटर जाईल," मी म्हटलं. "भोक अर्धं पडलंय. पुन्हा बांधलं तर ड्रिल त्याच वाटेने जाणार नाही. ठोकळा फुटेल. मग ही गिटार लाकूड म्हणूनच ठेवावी लागेल."

"शेटची उचल हाय ना तुमच्यावर?" तांडेलने विचारलं. रागाने नाही, आठवण करून द्यावी तसं.

"आहे."

"मग?"

शाफ्ट एका तासाने घेतला तरी होणार होता. ठोकळा उतरवला असता तर तो पुन्हा कधीच होणार नव्हता. हे मला स्पष्ट दिसत होतं. पण तोंडाने नीट मांडता येईना. मी कामाकडे वळले आणि मोटर सुरू केली.

तांडेल ड्रिल आत जाईपर्यंत बघत उभा राहिला. मग म्हणाला, "उचल रे शाफ्ट. खालच्या गल्लीतल्या लेथवाल्याकडे बघू." दोघे गेले.

भोक पूर्ण झालं, जुना तुकडा चुरा होऊन बाहेर आला, बुश दाबून बसला. ठोकळा चकातून न काढता त्यातच आटे कापले. ठोकळा उतरवला तेव्हा तासही झाला नव्हता. मी रघुनाथला म्हटलं, "पळत जा. तांडेलला बोलवा, लेथ मोकळी आहे." तो पळाला. परत आला तो घामाने निथळत. खालच्या गल्लीत दोन कामं आधीची होती. तांडेल तिथेच बसून होता आणि त्याने निरोप दिला होता, "वहिनीला सांग, आता शेटच काय ते बोलतील."

दांडा बाकी होता. भंगारात मोटरसायकलच्या ब्रेकची एक सळई होती, जुन्या दांड्याइतकीच जाड, एका टोकाला मुळातलेच आटे; बुशाचे आटे मी त्यांनाच जुळवून कापले होते. जमिनीवर खडूने मोडक्या दांड्याचा आकार काढला, सळई शेगडीत लाल केली आणि रेघेबरहुकूम वाकवली. जुन्या दांड्याच्या टोकावरची प्लॅस्टिकची टोपी काढून हिला बसवली. मग सगळं जागच्या जागी लावलं. पुढचे सहा स्क्रू मी मनगटाचा जोर लावून आवळले. स्प्रिंगा अडकवल्या. रघुनाथने तारा चढवल्या, कान लावून सूर जुळवले आणि दांडा दाबला.

दांडा जागचा हलला नाही.

"वहिनी, हे हलत नाय."

"हलू नये म्हणूनच आवळलंय."

"अहो, पण हलायलाच हवं!"

मला ते पटेना. आमच्या धंद्यात सैल स्क्रूएवढं मोठं पाप नाही. होडीचं इंजिन दिवसरात्र थरथरतं, आज अर्धा फेरा सैल असलेला नट परवा समुद्राच्या तळाला असतो आणि मग माणसंही. मिस्त्रींनी मला पहिली शिवी दिली ती एका सैल नटावरून. रघुनाथने गिटार आडवी धरून दाखवलं. ठोकळ्यावरच्या पत्र्याची पुढची कड त्या सहा स्क्रूंच्या मानेवर टेकून दारासारखी उघडझाप करते, म्हणून स्क्रूंच्या डोक्याखाली थोडी फट हवी. बिजागरीच दाबून टाकली तर दार कसं उघडणार?

मी फट ठेवून स्क्रू सैल करू लागले. तो माझ्या हाताकडे बघत होता आणि एकदम स्वतःशीच "अरेच्चा" म्हणाला.

"काय झालं?"

"आवाज खडखडतोय असं वाटलं म्हणून मीच ते आवळले होते, मागच्या महिन्यात," तो म्हणाला. "पकडीने. बाबांनी पंपावर शिकवल्यासारखे. तेव्हापासून दांडा जड जात होता. मी जोर लावत होतो."

म्हणजे दांडा का मोडला ते तेव्हा कळलं. एकाच किनाऱ्याची दोन माणसं, दोघांनी एकच चूक केली.

दांडा आता हलत होता, पण आट्यांत डुगडुगत होता, सोडला की लोंबायचा. त्याला मात्र बंदराचाच उपाय चालला. सुताचा एक धागा ग्रीसमध्ये बुडवून आट्यांत गुंडाळला आणि दांडा पिळला. मग तो बोटाने फिरायचा आणि ठेवाल तिथे राहायचा.

रघुनाथने एक तार छेडून दांडा दाबला. आवाज मोठा करणाऱ्या विजेच्या डब्याशिवाय तो अगदी बारीक होता. मी टेबलावर हात ठेवला होता म्हणून मला तो लाकडातून जास्त कळला. सूर खाली गेला आणि परत वर आला. वीज कमी झाली की लेथची मोटर असाच आवाज खाली सोडते आणि दाब परत आला की उचलते. तो आवाज ऐकला की मला नेहमी भीती वाटायची, चालू काम बिघडेल म्हणून. त्याच आवाजासाठी कोणी एवढी धडपड करील असं मला वाटलं नव्हतं.

तो किती झाले म्हणाला. मी सांगितले तेवढे त्याने दिले. जाताना म्हणाला, "माझ्यामुळे तुम्ही गोत्यात आलात." मी म्हटलं, "काम मी घेतलं होतं."

त्या दिवशी शाफ्ट झाला तेव्हा पाणी उतरलं होतं. लाँच बंदरातच राहिली. संध्याकाळी आरती झाल्यावर मंडळाचा लाऊडस्पीकर आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा. मी तांदूळ निवडत बसले होते. मध्येच तो लवणारा सूर आला, ओळखू आला. मुलगी म्हणाली, "आई, हेच का?" मी हो म्हटलं. आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्याच वेळी बंदरातून आठ माणसं रिकाम्या हाताने घरी गेली होती. खलाशाला पगार नसतो, मासळीत वाटा असतो. होडी गेली नाही तर वाटा नाही. हे मला आजही सलतं. पैसे भरून देता आले असते तर दिले असते, पण न मारलेल्या मासळीची किंमत कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी अण्णाशेट स्वतः आले. स्टुलावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"माझ्या होडीआधी तुणतुणं?"

मी काम बांधलेलं होतं ते सांगितलं, सेंटरचं सांगितलं. जमिनीकडे बघूनच.

"ते मला शिकवू नकोस. माझं आयुष्य गेलं या लोखंडात." मग जरा थांबून म्हणाले, "मिस्त्री असता तर त्याने उतरवलं असतं."

हे वाक्य मला फार लागलं. खरं असेल म्हणून लागलं. मिस्त्रींनी शेटचं काम कधी अडवलं नव्हतं. पण त्यांच्या हातात असं अर्धं ड्रिल गेलेलं काम असताना शेटचं काम आलं, असंही कधी घडलं नव्हतं. त्यांनी काय केलं असतं हे मी अजून ठरवू शकले नाही.

"मी तुमची उचल परत देते," मी म्हटलं.

शेटनी मान वर केली. बंदरावर उचल कोणी परत देत नाही, ती फिरत राहते. "कधी?"

"हंगाम संपायच्या आत."

"नाही दिलीस तर लेथ माझी. आणि तोवर माझं काम इथे येणार नाही."

त्यांचं काम बंद झालं ते झालंच, दुसऱ्या होडीवाल्यांनीही येणं सोडलं. शेटनी सांगितलं असेल किंवा नसेलही. बंदरावर सगळं न सांगता कळतं.

मग मी समोर येईल ते काम घेतलं. खवणीचे दाते, पाट्याचे टाके, शिलाई मशीनचे रीळ, शाळेच्या घंटेची जीभ. गुहागरचे एक सुपारीचे व्यापारी यायचे, त्यांच्या अडकित्त्याची खीळ झिजली होती. नवी बसवून दिली तर दोनदा परत घेऊन आले. "धार उत्तम आहे हो बाई, पण आवाज तो नाही. तो कट्ट आवाज आल्याशिवाय मला सुपारी लागत नाही." तिसऱ्यांदा खीळ जराशी सैल ठेवून दिली. त्यांनी तिथेच एक सुपारी कातरली, डोळे मिटून ऐकलं आणि मलाही एक खांड दिलं. ती खीळ सैल ठेवायची बुद्धी मला आधीच्या वर्षी झाली नसती.

रघुनाथने वाजवणारी माणसं पाठवली. बेंजोच्या खुंट्या, माइकच्या दांड्या, ढोलकीच्या कड्या. एकाचं काम दुसऱ्याला दाखवलं की तिसरा यायचा. दिवाळी गेली, शिमगा गेला. पैसे बारीक यायचे, पण यायचे. मी आणि मुलीने त्या वर्षी मासळी विकत घेतली नाही. बंदराच्या तोंडावर राहून आम्ही डाळभात खाल्ला.

हंगाम संपून लाँची किनाऱ्यावर ओढायची वेळ आली तेव्हा अर्धेच पैसे जमले होते. अण्णाशेट आले, बरोबर गणपत तांडेल आणि चार खलाशी. लेथ उचलायला आणले होते हे त्यांच्या हातातल्या दोरांवरून कळलं. मी जमले तेवढे पैसे टेबलावर ठेवले आणि बाजूला उभी राहिले. बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले.

शेटनी पैसे घेतले. खलाशी लेथभोवती फिरून कुठून धरायची ते बघत होते. तेवढ्यात तांडेल म्हणाला, "शेट, नेऊन काय करणार तुम्ही हिचं? बांगडे सोलणार?"

एक खलाशी हसला.

"तू मध्ये बोलू नको. तुझाच वाटा बुडाला होता ना त्या दिवशी?"

"माझाच बुडाला. म्हणून बोलतोय," तांडेल म्हणाला. "खालच्या गल्लीत जो शाफ्ट करून घेतला, त्याचे आटे दोन महिन्यांत गेले. हिच्याकडे तासभर बसलो असतो तर हंगाम निघाला असता. आठ महिने झाले, ही बाई पैशाला पैसा जोडतेय, आम्ही रोज येताजाता बघतो. मी दोराला हात लावणार नाय. ह्या पोरांना विचारा."

पोरांनी दोर खाली ठेवले. शेट माझ्याकडे नव्हे, लेथकडे बघत राहिले. मग टोपी घातली. "पुढच्या हंगामापर्यंत," एवढंच म्हणाले आणि निघाले. तांडेल मागे राहिला होता. मी त्याला म्हटलं, "तांडेल, त्या दिवसाचं..." तो म्हणाला, "गेली ती भरती गेली वहिनी. चा ठेवा."

पुढचं वर्ष तसंच गेलं, थोडं बरं. दुसऱ्या होडीवाल्यांपैकी एकदोघे हळूच पंपाची कामं घेऊन यायला लागले. रघुनाथ मुंबईच्या कुठल्याशा ऑर्केस्ट्रा पार्टीत वाजवायला गेला. जाण्याआधी भेटून गेला. भाऊ बोटीवरून आला होता आणि दांडा बघून म्हणाला होता, हा काही मूळचा नाही. मग वाजवून बघितला आणि पुढे काही बोलला नाही. त्यातलं काय समजायचं ते मी समजले.

हंगाम संपायच्या आधी मी स्वतः अण्णाशेटच्या पेढीवर गेले. तिथे पुरुषच असायचे, म्हणून आजवर कधी पायरी चढले नव्हते. उरलेली सगळी रक्कम त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी मोजली, पुन्हा मोजली आणि म्हणाले, "फिटली."

मग त्याच नोटांतून त्यांनी एक जाड पुडका वेगळा केला आणि माझ्याकडे सरकवला. "ही नव्या हंगामाची. तांडेल म्हणतो शाफ्टचं काम तुझ्याकडेच द्यायचं. रिवाजाप्रमाणे घे."

त्यांना माझा अपमान करायचा नव्हता. उलट हा मान होता, पेढीवर बसलेल्या सगळ्यांसमोर. मुलीच्या फीचे पैसे द्यायचे होते आणि पावसाळा तोंडावर होता. मी पुडक्याकडे बघत उभी राहिले. मग मान वर केली. अण्णाशेटच्या भुवया पांढऱ्या झाल्या आहेत, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"शाफ्ट पाठवा," मी म्हटलं. "काम झालं की पैसे द्या."

अण्णाशेटनी पुडका उचलला, बाकीच्या नोटांवर ठेवला आणि गल्ल्याचं झाकण लावलं.